मधूनच जड होणारं स्टेअरिंग: दोष पकडायचा कसा?

गाडीतला एखादा भाग पूर्ण निकामी झाला तर मेकॅनिकचं काम तुलनेनं सोपं असतं. गेलेला पंप सकाळीही गेलेला असतो आणि संध्याकाळीही. खरी डोकेदुखी असते ती येऊन-जाऊन असणाऱ्या दोषाची. वळणावर स्टेअरिंग एकदम जड झालं, डॅशबोर्डवर दिवा लागला, तुम्ही गाडी बाजूला घेऊन बंद केली, पुन्हा चालू केली, तर सगळं जिथल्या तिथे. गॅरेजमध्ये नेली तर मेकॅनिक एक चक्कर मारून येतो आणि म्हणतो, "काहीच नाहीये, मस्त चालतेय."

इथून पुढे बहुतेक जण दोनपैकी एका वाटेनं जातात. काही जण विषय सोडून देतात. बाकीचे अंदाजानं पार्ट बदलायला लागतात: आधी बॅटरी, मग सेन्सर, मग अख्खी रॅक, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत आडवं पोचवणारा दांडा. दुसरी वाट पहिलीपेक्षा शहाणपणाची वाटते, पण तसं नसतं. जो दोष आपल्याला हवा तेव्हा आणता येत नाही, तो गेला की नाही हेही कळत नाही. म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: पाना हातात घेण्याआधी दोष हुकमी आणता आला पाहिजे. मधूनच येणारा दोष लहरी नसतो. तापमान, ओल, वेग, विजेचा भार, हादरा, चाकाचा कोन यांपैकी काहीतरी जुळून आलं की तो येतो. ते काय, एवढंच शोधायचं असतं.

तक्रार नेमकी कोणती?

"स्टेअरिंगमध्ये प्रॉब्लेम आहे" या एका वाक्याखाली चार निरनिराळे आजार येतात आणि त्यांची कारणं एकमेकांपासून बरीच लांब असतात. स्टेअरिंग जड होणं म्हणजे फिरतं, पण ताकद लागते. अडकणं म्हणजे फिरवताना ठरावीक जागी आखडतं आणि सोडल्यावर सरळ परत येत नाही. ओढणं म्हणजे हात सैल सोडले की गाडी एका बाजूला जाते. सैल असणं म्हणजे स्टेअरिंग थोडं फिरलं तरी चाकांना पत्ता नसतो, किंवा खड्ड्यात खडखड ऐकू येते. पहिल्या तक्रारीत बहुधा पॉवर स्टेअरिंगची मदत कमी पडत असते, दुसरीत कुठेतरी घर्षण वाढलेलं असतं, तिसरी पुष्कळदा टायर किंवा ब्रेकची निघते आणि चौथी झिजलेल्या जोडांची. मेकॅनिकला सांगताना यातला नेमका शब्द वापरला तर निम्मी शोधाशोध वाचते.

ठरावीक वेगाला, साधारण ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या पट्ट्यात, स्टेअरिंग थरथरत असेल तर तो वेगळाच विषय आहे. आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. बहुतेक वेळा तिथेच संपतं.

चालत्या गाडीत मदत गेली तर

जवळजवळ सगळ्या गाड्यांमध्ये स्टेअरिंग व्हील आणि चाकं यांच्यात लोखंडी दांड्यांची थेट जोडणी असते. पॉवर स्टेअरिंगची मदत गेली तरी गाडी वळते, फक्त जोर लागतो. मदत जाते तेव्हा अनेकांना स्टेअरिंग लॉक झाल्यासारखं वाटतं आणि ते गोंधळून हात ढिले सोडतात. ते करायचं नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग हळूहळू कमी करा, धोक्याचे दिवे लावा आणि सुरक्षित जागी थांबा. वेग कमी होत जाईल तसं स्टेअरिंग आणखी जड लागेल, याची मनाशी तयारी ठेवा. चालत्या गाडीत किल्ली फिरवून "रिसेट" करायला जाऊ नका. ब्रेकची मदतही जाईल, आणि किल्ली बाहेर आली तर स्टेअरिंग खरोखरच लॉक होईल.

एक सीमारेषा मात्र स्पष्ट आखतो. मदत मधूनच जाते एवढंच असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. स्टेअरिंग अडकत असेल, किंवा अचानक सैल होऊन खडखडत असेल, तर गाडी चालवू नका, उचलून न्या. मदत जाण्यात गैरसोय आणि थोडा धोका आहे. बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला जोडून ठेवणारा गोल जोड, निसटला तर चाक त्याला हवं तिकडे जातं.

मदत येते कुठून?

जुन्या पद्धतीत इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा एक पंप असतो. तो तेलाला दाब देतो आणि तो दाब रॅक ढकलायला मदत करतो. कोणत्या बाजूला किती ढकलायचं हे एक व्हॉल्व्ह ठरवतो, आणि त्या व्हॉल्व्हला इशारा मिळतो एका बारीक पिळदार सळीकडून, म्हणजे टॉर्शन बारकडून. तुम्ही स्टेअरिंग फिरवता तेव्हा रस्ता चाकाला विरोध करतो, त्यामुळे ही सळी किंचित पिळली जाते. पीळ जितका जास्त, तितकी मदत जास्त.

इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगमध्येही हीच सळी आहे, पण तिचा पीळ टॉर्क सेन्सर मोजतो, आकडा कंट्रोल युनिटकडे जातो आणि युनिट एका मोटरला जोर लावायला सांगतं. ही मोटर कुठे स्टेअरिंग कॉलमवर, म्हणजे डॅशबोर्डखाली असते, कुठे खाली रॅकवर. १९८८मध्ये सुझुकीच्या सर्वो या छोट्या गाडीत ही पद्धत आली आणि आज नव्या गाड्यांत तीच सर्रास दिसते. तेल नाही, बेल्ट नाही, गळती नाही. पण तेलाच्या पंपाला जे कधी लागलं नाही ते हिला भरपूर लागतं: वीज.

आणखी एक गोष्ट इथेच समजून घ्या, कारण पुढचं बरंचसं कोडं तिच्यात आहे. चुकीची मदत ही मदत नसण्यापेक्षा भयंकर असते. गाडी आपोआप एका बाजूला वळायला लागली तर काय होईल, याची कल्पना करा. म्हणून टॉर्क सेन्सर एकाच पिळाचे दोन वेगवेगळे सिग्नल पाठवतो आणि कंट्रोल युनिट त्यांची सतत पडताळणी करत असतं. दोघांचा मेळ बसला नाही तर युनिट मदत बंद करतं, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये ती इग्निशन बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत बंदच ठेवतं. म्हणजे कारण क्षणभराचं, एखाद्या कनेक्टरची पिन खड्ड्यात पापणी लवायच्या आत सुटली एवढंच, पण परिणाम मात्र गाडी बंद करेपर्यंत टिकतो. गाडी पुन्हा चालू केल्यावर युनिट स्वतःची तपासणी करतं, सगळं ठीक दिसतं, मदत परत येते. "बंद करून चालू केली की जातं, म्हणजे सॉफ्टवेअरचा घोळ आहे" हा निष्कर्ष त्यामुळे टिकत नाही. ढिली वायरही तंतोतंत तशीच वागते.

वही काढा

हे कंटाळवाणं वाटेल, पण सगळ्यात कामाचं आहे. दोष आला की गाडी थांबवल्यावर लगेच लिहून ठेवा: गाडी सुरू करून किती वेळ झाला होता, वेग किती होता, वळण कोणत्या बाजूला, पाऊस किंवा ओल होती का, नुकताच खड्डा लागला होता का, एसी, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर यांपैकी काय चालू होतं, कोणता दिवा लागला, दोष आपोआप गेला की गाडी बंद करावी लागली. सोबत कोणी असेल तर डॅशबोर्डचा फोटो घ्यायला सांगा. थोड्याच नोंदींनंतर आकार दिसायला लागतो.

फक्त सकाळी पहिल्या काही मिनिटांत जड, मग ठीक: तेलाची पद्धत असेल तर घट्ट तेल, झिजलेली सील किंवा ढिला बेल्ट; इलेक्ट्रिक असेल तर थकलेली बॅटरी. फक्त बराच वेळ पार्किंगमध्ये मागे-पुढे केल्यावर जड: मोटर तापली. हा पुष्कळदा दोष नसतोच. मोटर जळू नये म्हणून युनिट मुद्दाम मदत कमी करतं आणि ती थंड झाल्यावर परत देतं. फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर: बेल्ट घसरतोय किंवा कनेक्टरमध्ये पाणी जातंय. फक्त खड्ड्यानंतर: वायर, कनेक्टर, अर्थिंग. फक्त सिग्नलला थांबून वळताना, तेही रात्री एसी आणि हेडलाइट चालू असताना: विजेचा पुरवठा. स्टेअरिंगच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा, समोरासमोरच्या जागी आखडतं: कॉलमखालचा क्रॉस. हा शेवटचा इतका नेमका आहे की यंत्राची गरजच पडत नाही. त्याच्याकडे पुढे येतो.

आधी वीज तपासा

इलेक्ट्रिक स्टेअरिंगचा दोष मधूनच येत असेल तर मी पहिला संशय पुरवठ्यावर घेईन, कंट्रोल युनिटवर नाही. कारण साधं आहे. उभ्या गाडीत चाकं वळवताना मोटर कित्येक दहा अँपिअर ओढते, आणि गाडीतल्या फार थोड्या गोष्टी एका दमात एवढा करंट मागतात. पुरवठ्यात कुठे अशक्तपणा असेल तर रेडिओ, दिवे, काचा सगळं सुरळीत चालेल आणि तक्रार एकटं स्टेअरिंग करेल.

बॅटरीपासून सुरुवात करा. गाडी काही तास उभी राहिल्यावर पूर्ण चार्ज असलेली साधी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना आकडा सहसा १३.५ ते १४.७च्या दरम्यान असावा. (काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतात, त्यामुळे एक कमी आकडा दिसला म्हणून अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या जनित्राला, दोष देऊ नका.) खरी परीक्षा भाराखाली होते. एसी, हेडलाइट, ब्लोअर सगळं चालू करा, इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवा, एकाला स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा आणि तुम्ही मीटर पाहत राहा. आकडा धाडकन खाली येत असेल तर बॅटरी किंवा अल्टरनेटर सोडून दुसरीकडे शोधण्यात अर्थ नाही.

हा प्रकार किती खरा आहे याचं ठळक उदाहरण म्हणजे जनरल मोटर्सनं सप्टेंबर २०१८मध्ये काढलेला रिकॉल, म्हणजे दोष असलेल्या गाड्या फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावणं. २०१५च्या मॉडेलचे दहा लाखांहून जास्त पिकअप आणि मोठ्या एसयूव्ही त्यात होत्या. कमी वेगात वळताना व्होल्टेज घसरलं की स्टेअरिंगची मदत क्षणभर जायची आणि लगेच परत यायची. धोका त्या दोन्ही टोकांत होता: जड झालेल्या स्टेअरिंगला चालक जोर लावतो आणि त्याच क्षणी मदत परतली तर गाडी जास्तच वळते. दुरुस्ती म्हणून कंपनीनं स्टेअरिंगचं सॉफ्टवेअर बदललं. म्हणून, तुमच्या गाडीच्या मॉडेलवर असा एखादा रिकॉल आहे का, हे चॅसी नंबर टाकून आधी बघून घ्या. फुकटात होणारी दुरुस्ती स्वतः शोधत बसायचं काही कारण नाही.

बॅटरी आणि अल्टरनेटर ठीक निघाले तर पुढचा संशयित म्हणजे मधली वाट: केबल, फ्यूज, अर्थिंग. इथे बरेच मेकॅनिक मीटर ओहमवर लावतात, केबलची दोन टोकं तपासतात, शून्य दिसतं, आणि केबलला निर्दोष सोडून देतात. ही तपासणी जवळपास निरुपयोगी आहे. मीटर केबलमधून अगदी किरकोळ करंट सोडून बघतो. केबलच्या सगळ्या तारा तुटून एकच शाबूत असली तरी तेवढा करंट आरामात जातो. एका माणसाला पेलणारा पूल भरलेला ट्रक पेलेलच असं नाही.

आकडे मांडले तर चित्र स्पष्ट होतं. समजा अर्थिंगच्या गंजलेल्या जोडात ०.०२ ओहम इतकाच अडथळा आहे. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळा याच्या कितीतरी पट असतो, म्हणजे मीटरला हा दिसणारच नाही. पण मोटरनं ५० अँपिअर ओढले की त्या जोडावर ५० × ०.०२ म्हणजे पूर्ण १ व्होल्ट खर्च होतो आणि ५० वॉट उष्णता तिथेच तयार होते. जोड तापतो, तापून अडथळा आणखी वाढतो, आणि काही वळणांनंतर युनिटला मिळणारं व्होल्टेज त्याच्या मर्यादेखाली जातं. थोडा वेळ थांबलात की जोड थंड होतो. झाला दोष गायब.

योग्य तपासणीला व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. मीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, थेट खुंटीवर), दुसरं स्टेअरिंग युनिटच्या अर्थ टर्मिनलवर. इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग फिरवायला सांगा. आकडा ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर वाटेतला प्रत्येक जोड एकेक करून तपासा. हेच पॉझिटिव्ह बाजूनं, बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून युनिटच्या सप्लाय टर्मिनलपर्यंत, मधल्या मोठ्या फ्यूजसकट. दुरुस्ती बहुधा फार साधी निघते: बोल्ट काढा, पत्रा आणि टर्मिनल घासून उघडा धातू दिसेपर्यंत साफ करा, घट्ट बसवा, वरून गंजरोधक लावा.

कनेक्टरची गोष्ट थोडी फसवी आहे. पिना आणि त्यांची घरं गाडीच्या कंपनांनी एकमेकांवर अगदी सूक्ष्म घासत राहतात, त्यातून ऑक्साइडचा पातळ थर साठतो आणि संपर्क मधूनच तुटतो. कनेक्टर काढून परत लावला की तो थर खरवडला जातो आणि दोष जातो, काही दिवसांपुरता. त्याच वेळी कुणी सेन्सर बदलला असेल तर श्रेय सेन्सरला मिळतं. म्हणून कनेक्टर काढण्याआधी तो जागच्या जागी हलवून बघा. इंजिन चालू, स्कॅनरवर (गाडीच्या युनिट्समधली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) टॉर्क सेन्सरचे दोन्ही सिग्नल उघडे, आणि एक हात वायरिंगवर: हळूहळू वाकवत, हलवत, बोटानं टिचक्या मारत पुढे सरका. ज्या जागी आकडा उडी मारतो ती जागा सापडली. फक्त एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना हात लावू नका.

स्टेअरिंग व्हीलखाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली एक पट्टी-केबल असते, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. स्टेअरिंगच्या दिव्यासोबत हॉर्न मधूनच वाजत नसेल, व्हीलवरची बटणं बंद पडत असतील किंवा एअरबॅगचा दिवा लागत असेल तर तिच्याकडे बघा. काही गाड्यांत स्टेअरिंग अँगल सेन्सर, म्हणजे व्हील किती फिरलं ते मोजणारा सेन्सर, तिच्याच घरात असतो. हे काम एअरबॅग उतरवल्याशिवाय होत नाही, त्यामुळे ते घरच्या घरी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तेलाची पद्धत असेल तर

इथे कान जास्त कामाला येतात. झटक्यात वळवल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आणि त्याच क्षणी जडपणा म्हणजे बेल्ट घसरतोय. घुरघुर, आणि टाकीतलं तेल फेसाळलेलं म्हणजे हवा शिरली आहे. तेलाची पातळी कमी नसतानाही हवा शिरू शकते. टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीत दाब नसतो, उलट ओढ असते. तिथली रबरी रिंग कडक झाली की तेल बाहेर न गळता हवा आत जाते. गळती दिसत नाही म्हणून ही नळी सोडून देऊ नका.

क्वचित नळीचा आतला थर सुटतो आणि पडद्यासारखा मध्येच प्रवाह अडवतो. बाहेरून नळी नवीकोरी दिसते. टाकीतली जाळी गाळानं भरली असेल तर थोडा वेळ बरं चालतं आणि मग पंप उपाशी पडतो. तेल काळं, जळका वास असलेलं असेल तर ते बदलून, टाकी साफ करून बघणं हा स्वस्त आणि वाजवी प्रयोग आहे. पण कोणतं तेल, ते गाडीच्या पुस्तकातूनच घ्या. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल चालतं, काहींच्या सील त्याच तेलानं खराब होतात. आणि स्टेअरिंग पूर्ण टोकाला नेऊन धरून ठेवू नका. तिथे पंप कमाल दाबावर अडकलेला असतो आणि तेल काही सेकंदांतच तापायला लागतं.

अडकणारं स्टेअरिंग

मोटर, पंप, सेन्सर सगळं विसरा. कुठेतरी लोखंड लोखंडाला धरतंय.

कॉलम आणि रॅक यांच्यामध्ये एक किंवा दोन युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे क्रॉस असतात. त्यांच्या सुया गंजल्या की क्रॉस एकाच प्रतलात आखडतो, आणि क्रॉस फेऱ्यात दोनदा त्या प्रतलात येत असल्यानं जडपणाही १८० अंशांच्या अंतरानं, दोनदा जाणवतो. खालचा क्रॉस चाकाच्या जवळ, चिखलपाण्यात असतो. पहिला तोच बघा. त्याचा पकडबोल्ट ढिला असेल तर उलट तक्रार येते, स्टेअरिंगमध्ये मधूनच "टक्" आणि किंचित रिकामा खेळ. तो बोल्ट आजच्या आज घट्ट करायचा असतो, उद्या नाही.

दुसरी जागा म्हणजे पुढच्या शॉकअप्सच्या डोक्यावरचं बेअरिंग. ते आखडलं की वळताना स्प्रिंग पिळली जाते आणि मध्येच "टंग" करून सुटते. अशी गाडी शेवटचं वळण लक्षात ठेवते: उजवीकडे वळून सरळ केली तर उजवीकडे ओढते, डावीकडे वळून केली तर डावीकडे. बॉनेट उघडून वरच्या कपाला हात लावा आणि कुणाला स्टेअरिंग फिरवायला सांगा, स्प्रिंगची उडी बोटांना कळते.

नेमकी बाजू ठरवायला पुढची चाकं उचला. नुसत्या जॅकवर नव्हे, स्टँडवर. इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग लॉक होणार नाही अशी किल्ली ठेवून, हातानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. प्रतिकार सगळीकडे सारखा लागला पाहिजे. आखडलं तर टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचं टोक) चाकांपासून सोडवा आणि पुन्हा फिरवा. आता मोकळं झालं तर दोष चाकांच्या बाजूला, बॉल जॉइंट किंवा शॉकअपच्या बेअरिंगमध्ये. तरीही आखडतंय तर रॅक, क्रॉस किंवा कॉलम. कॉलम रॅकपासून सोडवायचा असेल तर व्हील आधी बांधून ठेवा. मोकळं व्हील कुणी सहज गरगर फिरवलं तर क्लॉक स्प्रिंग तुटते आणि एका दोषाचे दोन होतात.

सैलपणासाठी उलट, चाकं जमिनीवरच हवीत. इंजिन चालू, एक जण स्टेअरिंग भराभर थोडं डावी-उजवी हलवतो, दुसरा खाली वाकून प्रत्येक जोड बघतो. ज्या जोडाचं एक टोक हललं आणि दुसरं उशिरा हललं, तो झिजला. मग चाक उचलून बाजूंना, तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा: खेळ जाणवला तर टाय रॉडवर संशय. वर-खाली, बारा आणि सहाच्या जागी खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग.

ओढणारी गाडी

सगळ्यात आधी हवा. एका पुढच्या चाकात हवा कमी असेल तर गाडी तिकडे ओढते, दोन्हींत कमी असेल तर स्टेअरिंग जड लागतं, आणि हळू गळणाऱ्या टायरमुळे दोष खरोखरच "मधूनच" येतो, कारण हवा भरली की जातो. मग रस्ता. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे किंचित ओढ नैसर्गिक आहे. सपाट जागी बघितल्याशिवाय काही ठरवू नका. मग पुढचे दोन टायर आपापसात बदला (एकाच दिशेनं फिरणारे टायर असतील तर हे जमणार नाही). ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा, अलाइनमेंटवर पैसे घालू नका. लांब चालवल्यावरच ओढते, आणि थांबल्यावर एकच चाक दुसऱ्यापेक्षा खूप तापलेलं लागतं, म्हणजे ब्रेकचा कॅलिपर, ब्रेकचे पॅड दाबणारा भाग, अडकतोय. ॲक्सिलरेटर दाबला की एका बाजूला आणि ब्रेक मारला की दुसऱ्या बाजूला जाते, तर लोअर आर्मचा (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश गेला.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

स्टेअरिंगचे कोड साधारण "सी" अक्षरानं सुरू होतात, म्हणजे चॅसी. "यू"नं सुरू होणारा कोड म्हणजे गाडीतल्या दोन युनिट्सचं आपसातलं बोलणं तुटलं. उदाहरणार्थ यू०१३१ म्हणजे पॉवर स्टेअरिंगच्या युनिटशी संपर्क तुटला. साधा स्वस्त स्कॅनर अनेकदा फक्त इंजिनाचे "पी" कोड वाचतो आणि "कोड नाही" असं दाखवतो. त्याचा अर्थ दोष नाही असा नसून त्यानं स्टेअरिंगला विचारलंच नाही असा असतो.

कोड म्हणजे पार्टचं नाव नाही. "टॉर्क सेन्सर सिग्नल चुकीचा" या कोडमागे सेन्सर असू शकतो, त्याची वायर असू शकते, पाणी शिरलेला कनेक्टर असू शकतो. एकाच वेळी चार-पाच असंबद्ध युनिट्सचे कोड पडलेले असतील तर ते सगळे एकदम बिघडले असं समजू नका. जवळजवळ नेहमी सामायिक कारण असतं, आणि ते बहुधा व्होल्टेजच असतं. कोडसोबत साठवलेली त्या क्षणाची माहिती, म्हणजे वेग, व्होल्टेज, तापमान, नक्की वाचा आणि तुमच्या वहीशी जुळवा. ती वाचून लिहून घेईपर्यंत कोड पुसायला देऊ नका. बॅटरी काढायलाही नाही. गॅरेजमध्ये गाडी गेल्या गेल्या कोड पुसणं ही फार वाईट सवय आहे.

दुरुस्ती झाली, हे कशावरून?

टाय रॉड, रॅक किंवा कॉलमचं काम झालं की अलाइनमेंट लागतेच, आणि अनेक गाड्यांत स्टेअरिंग अँगल सेन्सरचा शून्यबिंदूही पुन्हा शिकवावा लागतो. तो राहिला तर सरळ रस्त्यावरही गाडीला आपण वळतोय असं वाटतं आणि स्टॅबिलिटी कंट्रोलचा, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून काम करणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागतो. मालकाला वाटतं जुनाच दोष परतला. इलेक्ट्रिक कॉलम नवा बसवला असेल तर त्याला त्या गाडीसाठी प्रोग्रॅम करावं लागतं, म्हणून दुसऱ्या गाडीतला उचलून बसवणं दिसतं तितकं सोपं नाही.

आता राहिली खात्री. दोष ज्या परिस्थितीत यायचा तीच परिस्थिती मुद्दाम तयार करा: रात्री, एसी आणि दिवे लावून, उभ्या गाडीत वळवून, किंवा त्याच खडबडीत रस्त्यावर, किंवा रात्रभर थंड झालेल्या गाडीत सकाळी. तसं करता आलं नाही आणि नुसती वाट बघायची असेल तर किती दिवस, याचं एक गणित आहे. दोष सरासरी आठवड्यातून एकदा, कधीही येत असेल, तर काहीही दुरुस्त न करताही एक आठवडा कोरा जाण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास असते. तीन आठवडे कोरे गेले तर ती सुमारे ५ टक्क्यांवर येते. म्हणून जितक्या अंतरानं दोष यायचा त्याच्या किमान तिप्पट काळ गाडी नेहमीसारखी चालवा आणि तोपर्यंत दुसरा कोणताही पार्ट बदलू नका, नाहीतर नेमकं काय लागू पडलं हे कधीच कळणार नाही. कोड पुसताना गाडी किती किलोमीटर चालली आहे तो आकडा वहीत लिहा. नंतर तोच कोड परत आला तर मूळ कारण अजून तिथेच आहे. वेगळा आला तर आधी ज्या कनेक्टरला हात लावला होता तो नीट बसलाय का, ते बघा.